पडद्यामागून दिसलेला हात

पहिलेच सांगून ठेवतो, यातला शब्द न् शब्द खरा हाय! खोटं बोलीन तर माह्या तोंडातले दात झडोत. दोनच राहिले, पण ते बी झडोत. तुळशीले हात लावून सांगतो, चुलीले हात लावून सांगतो, आणखी कोणाच्या डोक्यावर हात ठेवू ते तुमीच सांगा. मनकर्णाची ही गोष्ट हिवरखेडात सुरू झाली न् अकोल्यात पुरी झाली. लोक ती अर्धीच सांगतात, कारण पुढची अर्धी सांगाले घरातलं दार लोटून घ्यावं लागते. मी पुरी सांगतो. दार लोटा.

आपला वऱ्हाड मुंबई राज्यात गेला, त्याच्या अल्याड-पल्याडच्या सालातली गोष्ट. कापूस घरात येऊ लागला का अमरावतीहून सिनेमाचा तंबू हिवरखेडले येई. बाजाराच्या मैदानात बल्ल्या गाडत, कनात ताणत, अन् मधोमध पांढरा पडदा टांगत. पडद्याच्या अलीकडं माणसं बसत, पलीकडं बाया. मशीन माणसांच्या बाजूनं, उजेड माणसांच्या बाजूनं. बायांनी मागं बसावं न् कापडातून जे झिरपून येईल ते पाहावं. सासरे-भासरे बसलेले असताना बायांनी त्यांच्या रांगेत कसं बसावं, म्हणून एका साली तशी सोय केली, अन् मंग तीच रीत पडली. बायांनाही बरं होतं. पदर डोक्यावरून खाली पडला तरी पाहाले कोणी नाही.

मनकर्णा म्हणजे सूर्यभानची बायको. हाताची चपळ, तोंडाची गोड, न् डोळ्यांची तर अशी तेज का भिंतीतली पाल कोणाकडं पाहून राहिली हे बी सांगे. सिनेमातलं बोलणं हिंदी. बायांना अर्धं समजे, अर्धं वाऱ्यावर जाई. जे वाऱ्यावर जाई ते मनकर्णा भरून काढे. दुसऱ्या दिवशी वेचणीले गेल्या का साऱ्या बाया तिच्या शेजारची ओळ धराले भांडत, कारण तिच्या बाजूनं कापूस वेचला का सिनेमा पुन्हा पाहून होई. आणि ती नुसती कहाणी नाही सांगे, आतलं सांगे. हिरोनं टोपी काढली तर काहून काढली, सासू हसली तर कोणाकडं पाहून हसली, नणंद पाण्याले गेली तर घागर रिकामी होती का भरलेली. सिनेमा बनवणाऱ्याले जे माहीत नसंल ते मनकर्णाले माहीत.

त्या साली जो सिनेमा आला त्याचं नाव मी घेत नाही. त्यात दोन जावा होत्या. मोठी विधवा, धाकटी नवी नवरी. धाकटीले ताप भरते. मोठी जाऊ दुधाचा गिलास घेऊन येते. पडदाभर तिचा हात दिसते, हातात गिलास. धाकटी पिते. बाहेर इज कडाडते. अन् लगेच पाहावं तर धाकटी मरून पडलेली, न् मोठी तिच्या उरावर डोकं टेकून अशी रडते का तंबूतल्या साऱ्या बाया रडल्या. आशाबाई नावाची म्हातारी, जी नवरा मेला तेव्हा रडली नव्हती, ती बी रडली.

मनकर्णा नाही रडली. ती पडद्याकडं डोळे बारीक करून पाहत राहिली. तंबू उठेपर्यंत ती रोज गेली, अन् रोज त्या गिलासाजवळ आलं का पडद्याजवळ सरकून पाही.

"दूध कोन्त्या हातानं देल्लं?" तिनं वेचणीत विचारलं.

बायांचे हात थांबले.

"हातानंच देल्लं," आशाबाई म्हणाली. "पायानं कोन देते व?"

"डाव्या हातानं देल्लं! डाव्या! घरच्या मानसाले कोनी डाव्या हातानं देते का? कुत्र्याले भाकर टाकाची असली तरी मानूस उजव्यानं टाकते."

"मंग?"

"मंग काय! ताप-बीप काही नोयता. जे होतं ते दुधात होतं. सिनेमावाल्यानं तोंडानं नाही सांगितलं, हातानं सांगितलं. ज्याले डोये हायेत त्यानं पाहून घ्या."

बायांच्या पाठीवर ऊन होतं, तरी अंग शिरशिरलं.

"अन् तो पुलिस बी डाव्या हातानं सलाम ठोकून राहिला होता," आशाबाई म्हणाली. "त्यानं कोनाले मारलं?"

"तो सरकारी मानूस. त्याले दोन्ही हात सारखे."

"अन् साऱ्या बायांचे पदर उजव्या खांद्यावर होते."

"मारवाड्याचं घर दाखवलं हाय. तुले समजत नाही तं चूप राय."

मनकर्णाची पोरगी ललिता तिथंच वेचून राहिली होती. चौथी शिकलेली, सतरा-अठराची, बारीक आवाजाची. ती म्हणाली, "माय, पयले नाव आलं ना पडद्यावर, ते अक्षरं बी उलटे दिसून राहिले होते. आरशात दिसतात तसे."

"बंबईचं अक्षर हाय ते," मनकर्णा म्हणाली. "तुही शाळा हिवरखेडची."

बाया हसल्या. ललिताही हसली. झालं, गोष्ट तिथंच बुडाली. पण त्या दिवसापासून गावात कोणतीच जाऊ दुसरीले डाव्या हातानं मीठ बी देईना.

होळीच्या आधी सूर्यभानचा मावसभाऊ देवराव एक सोयरीक घेऊन आला. अकोल्याचं घर, जुन्या शहरातलं. बाप खुशालराव. मोठा पोरगा वारलेला, त्याची विधवा शकुन घरातच राहते. धाकटा भगवंत, कापसाच्या जिनात कारकून. त्याची पहिली बायको मेली, लेकरू-बाळ काही मागं नाही. पोरगा गाईवाणी गरीब.

"कशानं मेली?" मनकर्णानं विचारलं.

"तापानं," देवराव म्हणाला.

तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. विधवा मोठी जाऊ, धाकटी तापानं मेलेली. पण सूर्यभान खुश होता. शहरातलं घर, पगाराचा माणूस. दोघं नवरा-बायको घर पाहाले अकोल्याले गेले.

घर मोर्णा नदीच्या बाजूले, एका बोळीच्या टोकाले होतं. स्वच्छ, सारवलेलं, अन् लय शांत. भांडं वाजलं तर शेजारी समजावं इतकं शांत. खुशालराव बाजेवर बसून सुपारी कातरत होते, अन् कातरताना कोणाच्याही तोंडाकडं पाहत नव्हते. भगवंत माजघराच्या दारात उभा होता, चौकटीले खांदा टेकून. आत बी नाही, बाहेर बी नाही. गोरा, नितळ, तोंडावर बारीक हासू.

"मामी, प्रवासात त्रास नाही ना झाला?" किती मऊ बोलला! मनकर्णाले आवडला. तिनं मनात म्हटलं, सिनेमात शोभला असता.

मंग शकुन चहा घेऊन आली. डोक्यावर पदर, नजर खाली. उजवा हात पदराखाली. अन् कपबशी तिनं डाव्या हातानं पुढं केली.

मनकर्णाच्या कानात इज कडाडली. ती त्या हाताकडं पाहतच राहिली. तोच हात. पडदाभर दिसला होता तोच.

"घ्या ना मावशी," शकुन हळूच म्हणाली. "गरम हाय."

मनकर्णानं कप घेतला, बशीत ओतला, अन् कोणी पाहत नाही असं पाहून तुळशीच्या वृंदावनाच्या बुडाशी रिकामा केला. शकुननं ते पाहिलं. तिच्या डोळ्यांत जे आलं ते मनकर्णाले राग वाटला.

परतीच्या मोटारीत तिनं सूर्यभानले सांगितलं.

"सोयरीक मोडा. त्या घरात ती विधवा बाई मारते."

"कोन म्हनते?"

"तिनं चहा डाव्या हातानं देल्ला."

"मंग?"

"मंग सिनेमात बी..."

सूर्यभान असा हसला का पुढच्या बाकावरची माणसं वळून पाहाले लागली. "सिनेमा पाहून सोयरीक मोडू? लोक मले इचारतीन काहून मोडली, तं मी काय सांगू? तंबूवाल्याले इचारा म्हनून?"

शब्द गेलेला होता. कुंकू लागलं. लग्न झालं.

पण मनकर्णा काही गप बसणारी नव्हती. लग्नाच्या आदल्या दिवशी तिनं ललिताले कोठीत नेलं, दोन्ही खांदे धरले.

"आयक. त्या शकुनच्या हातचं काही खायजो नोको, काही पेजो नोको. तिच्यासंगं बोलजो बी नोको. ती जवय आली का उठून जाय. तुले जे लागंल ते नवऱ्याजवळ माग. नवऱ्याच्या हातचंच घे. समजलं?"

"हो माय."

"माही शपथ घे."

ललितानं घेतली. मनकर्णाच्या जिवातला दगड उतरला. तिले वाटलं, सिनेमा पाहाचं सार्थक झालं. जी गोष्ट त्या पडद्यावरच्या पोरीच्या मायेले कळली नाही, ती आपल्याले वेळेवर कळली.

दिवाळीले ललिता माहेरी आली. मनकर्णानं तिले दारातच पाहिलं न् भाकर-तुकडा ओवाळणारा हात तसाच राहिला. पोरीच्या गळ्याची हाडं वर आली होती. केसात कंगवा घातला का केस कंगव्यासंगं येत. नखं काळवंडलेली.

"पानी मानवलं नाही का व तुले?"

"काय माहीत माय. पोटात सारखं आग-आग होते."

"तिच्या हातचं काही..."

"काहीच नाही! पान्याचा गिलास बी नाही. ती कितीक येळा जवय आली, काहीतरी बोलाले पाहे. मी उठून जातो." ललिता शहाण्या पोरीवाणी म्हणाली. "सारं तेच देतात. दूध बी सोता गरम करून आनतात. रोज. मी पुरं पेल्याबिगर जात नाहीत."

"लाखाचा जवाई," मनकर्णा म्हणाली, अन् तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

माहेरी राहिली तेवढ्या दिवसांत ललिताचा रंग परतला. भाकरी पोटात राहू लागली. मनकर्णानं शेजारणींना सांगितलं, पाहा, मायच्या हातचं. भगवंत घ्याले आला, दारात उभा राहिला, चौकटीले खांदा टेकून. "चाल ललिता," म्हणाला. ती गेली.

संक्रांतीनंतर खबर आली का ललिता पोटुशी हाय. पहिलं बाळंतपण माहेरी, ही तर साऱ्या जगाची रीत. सातवा लागला तशी मनकर्णा तिले आणाले अकोल्याले निघाली. डब्यात रव्याचे लाडू, पिशवीत नवं लुगडं.

भगवंतनं दारातच सांगितलं, "मामी, मोटारीचे धक्के तिले सोसायचे नाहीत. किती अशक्त झाली पाहा. बाळंतपण इथंच करू. मी हाय ना."

खुशालरावांनी सुपारी कातरली. कट्, कट्. मान वर केली नाही.

ललिता आतल्या खोलीत भिंतीले टेकून बसली होती. पोट तेवढं पुढं, बाकी सारी सावलीवाणी. मायले पाहून हसली. "माय, मले एक डोहाळा लागला हाय. तो सिनेमा आला हाय अथी. आपला, तंबूतला. थेटरात. दुपारी बायांचा खेळ असते. मले पाहाचा हाय."

मनकर्णाले नको वाटलं. तो गिलास पुन्हा पाहाची तिची छाती नव्हती. पण डोहाळा मोडता येत नाही. भगवंतही दारातून म्हणाला, "जाऊन या. तिचं मन रमंल. आल्यावर दूध घेईल."

थेटर पक्क्या भिंतींचं होतं. आत लाकडी खुर्च्या, सारा बायांचा गलबला, कोणाच्या मांडीवर लेकरू, कोणाच्या ओटीत फुटाणे. अन् पडदा समोर. मागून नाही, समोरून. मनकर्णा आयुष्यात पहिल्यांदा पडद्याच्या तोंडाकडून बसली. उजेड तिच्या डोक्यावरून जाई, न् पडद्यावर सारं असं लख्ख दिसे का लुगड्याचे धागे मोजून घ्यावे.

नाव आलं. ललिता वाकून तिच्या कानात म्हणाली, "माय, आज अक्षरं सुलटे हायेत."

मनकर्णा पदर पाहत होती. साऱ्या बायांचे पदर डाव्या खांद्यावर होते. आपल्यासारखे. पुलिस आला, त्यानं उजव्या हातानं सलाम ठोकला.

मंग धाकटीले ताप भरला. मोठी जाऊ आली. पडदाभर हात दिसला.

उजवा हात.

"हात बदलला!" मनकर्णा उभी राहून ओरडली. "हात कोनं बदलला?"

"बस व म्हातारे!" मागून कोणीतरी ओरडलं. बाया हसल्या.

ती मटकन खाली बसली. हात बदलला नव्हता. तिची बाजू बदलली होती. हिवरखेडात तिनं सारा सिनेमा उलटा पाहिला होता, पाठीमागून, आरशात पाहावं तसा. मोठी जाऊ उजव्याच हातानं देऊन राहिली होती, जशी कोणतीही भली बाई देईल. अन् आता लख्ख उजेडात तिचं तोंडही दिसत होतं. तंबूत तोंड काळवंडलेलं दिसलं होतं. ते काळवंडलेलं नव्हतं. ती बाई भ्यालेली होती.

कोणाले भ्यालेली?

मनकर्णानं पडद्यावरच्या त्या बाईच्या मागं पाहिलं. तंबूत तिथं नुसता डाग दिसे, कापडावर तेल सांडल्यासारखा. तो डाग नव्हता. दार होतं. अन् दारात, चौकटीले खांदा टेकून, एक माणूस उभा होता. आत बी नाही, बाहेर बी नाही. धाकटी दूध पुरं पिते का, ते पाहत.

मनकर्णानं ललिताचा हात धरला. थंडगार होता.

"उठ."

"माय, अजून ती मरून राहिली..."

"उठ म्हनतो ना!"

घरी आल्या तेव्हा भगवंत जिनातून आला नव्हता. खुशालराव बाजेवर. मनकर्णा सरळ सैपाकघरात गेली. शकुन पाटावर बसून डाव्या हातानं पीठ मळत होती. उजवा हात मांडीवर पडलेला.

मनकर्णा तिच्यापुढं बसली न् तिनं तो उजवा हात उचलला. शकुननं ओढून घ्याचा प्रयत्न केला, पण तो हात ओढताही येत नव्हता. मनगट एका बाजूले वळलेलं, हाड मोडून वाकडंच जुळलेलं. बोटं मिटत नव्हती.

"हे काय व?"

शकुन दाराकडं पाहाले लागली. दार रिकामं होतं.

"पयली बी पोटुशी होती, मावशी," ती इतक्या हळू म्हणाली का चुलीतलं लाकूड मोठं वाजलं. "तिचे बी केसं गेले होते. तिले बी तो सोताच दूध देई. एक दिवस मी गिलास धरला, म्हनलं, आज मी पेतो."

"मंग?"

शकुननं आपल्या मनगटाकडं पाहिलं. मंग काय, ते तिथंच होतं.

"काहून करते तो असं? लेकरू नको का त्याले?"

"ते त्याले इचारा. मी एकदाच इचारलं."

"ललिताले सांगितलं काहून नाही?"

आता शकुननं पहिल्यांदा वर पाहिलं. "सांगाले गेली ना! जितक्या येळा गेली तितक्या येळा ती उठून गेली. शेवटी म्हने, माह्या मायनं सांगितलं हाय, तुमच्या हातचं पानी बी घेऊ नोको. मी काय करू, मावशी? तुमी माहा चहा तुयशीले देल्ला, तवाच मले समजलं का आता हे पोरगी बी एकटी पडली."

भिंतीवरच्या पालीचं मन सांगणारी बाई, अन् समोरच्या बाईचं मोडलेलं मनगट तिले दिसलं नाही. तिनं आपल्याच पोरीले, शपथ घालून, दाराकडं ढकललं होतं.

तितक्यात पायरीवर चपला वाजल्या.

"मामी, आल्या का सिनेमा पाहून?" भगवंत दारात उभा होता. हातात गिलास. दूध कधी गरम केलं, कुठी केलं, कोणाले दिसलं नाही. "ललिता दमली असंल. हे घ्या, द्या तिले. तुमच्याच हातानं द्या."

मनकर्णा उठली. तोंड तिचं जुनंच होतं. आयुष्यभर तिनं दुसऱ्यांच्या गोष्टीत पदरचं घातलं होतं, आज स्वतःच्या गोष्टीत घालाची पाळी आली.

"जवाईबापू, आमच्या हिवरखेडची एक रीत हाय," ती हसून म्हणाली. "सातव्या महिन्यात पोरीले दूध देल्लं का जवायानं त्यातला पयला घोट सोता घ्याचा, सासूच्या समोर. म्हंजे लेकरू बापावर जाते. घ्या, एक घोट. रीत मोडली तं मायच्या मनाले लागते."

अशी रीत ना हिवरखेडात होती, ना जगाच्या पाठीवर. खुशालरावांचा अडकित्ता बंद पडला.

भगवंत हसत होता. हासू तसंच होतं, जागचं हललं नाही. फक्त डोळे तेवढे हासू सोडून वेगळे झाले. तो मनकर्णाकडं पाहत राहिला. मंग त्यानं गिलासात वाकून पाहिलं.

"अरे," तो मऊ आवाजात म्हणाला, "यात तं माशी पडली."

अन् त्यानं सारं दूध मोरीत ओतलं.

मनकर्णानं गिलासात पाहिलं होतं. माशी-बिशी काही नव्हती.

"दुसरं आनतो," भगवंत म्हणाला.

"नोको. आमाले निंघाचं हाय. पोरगी मी नेऊन राहिली. शकुनले बी नेतो, बायंतिनीच्या हाताखाली मानूस पायजे."

"मी सांगितलं ना मामी, धक्के सोसायचे नाहीत." तो दारातून हलला नाही. ते एकच दार होतं. त्याच्या बाजूनं मांजर जाऊ शकलं असतं, पोटुशी बाई नाही.

मोरीतून दुधाची धार बोळीकडं गेली. बोळीतलं कुत्रं आलं, त्यानं हुंगलं, न् शेपटी पायात घालून मागं गेलं.

खुशालरावांनी ते कुत्रं पाहिलं. म्हाताऱ्यानं इतक्या वर्षांत पहिल्यांदा सुपारीवरून नजर काढली होती. अडकित्ता बाजेवर ठेवला.

"भगवंत," तो म्हणाला, "टांगा बोलाव."

"बाबा, ती..."

"टांगा बोलाव म्हनलं. नाही तं मी चौकीवर जातो न् तथून बोलावतो."

भगवंत बापाकडं पाहत राहिला, अन् बाप पुन्हा सुपारीकडं. मंग भगवंत चौकटीपासून खांदा काढून बाजूले झाला. बस, एक माणूस जाईल इतकाच.

टांगा आला. ललिताले कशीबशी चढवली. तिच्या ओठांवर कोरड पडली होती. शकुन एक लहानसं गाठोडं न् पाण्याचा तांब्या घेऊन मागून आली. चढली, पदर सावरला, अन् सवयीनं लगेच दूर कोपऱ्यात सरकून बसली.

"पानी," ललिता म्हणाली.

शकुननं तांब्याकडं पाहिलं, मनकर्णाकडं पाहिलं. हलली नाही.

"दे व बाई तिले," मनकर्णा म्हणाली. "तुह्याच हातानं दे."

शकुननं तांब्या डाव्या हातानं पुढं केला. ललितानं एकदा मायकडं पाहिलं, न् मंग दोन्ही हातांनी तो तांब्या धरून गटागटा पिली. पाणी हनवटीवरून पोटावर सांडलं.

टांगा बोळीतून निघाला. मनकर्णानं मागं पाहाचं नाही असं ठरवलं होतं, तरी पाहिलं. भगवंत दारात उभा होता, चौकटीले खांदा टेकून. हात हलवत होता. हासू तसंच. "बाळंतपण झालं का येतो मी," तो ओरडला. "घ्याले येतो!"

ललिताले पोरगी झाली, दोघी जगल्या. भगवंत खरंच घ्याले आला. हिवरखेडच्या घराच्या दारात उभा राहिला. आत बी नाही, बाहेर बी नाही. पण त्या दिवशी आशाबाईसकट साऱ्या वेचणीच्या बाया मनकर्णाच्या ओसरीवर येऊन बसल्या होत्या, पडद्यामागं बसत तशा, गच्च. एक बाई बोलली नाही. साऱ्या त्याच्या हाताकडं पाहत राहिल्या. तो लय वेळ उभा राहिला, मंग निघून गेला. पुन्हा त्याच्या चपला त्या ओसरीवर वाजल्या नाहीत. पण ललिता म्हातारी होईस्तोवर दाराकडं पाठ करून कधी बसली नाही, अन् दूध तिनं पोरीच्या पोरीले बी कोणाच्या हातचं घेऊ देल्लं नाही.

झाली गोष्ट. शब्द न् शब्द खरा. आता असे माह्याकडं पाहून राहू नका. बरं, एक जागा मी पदरची घातली, ते कबूल करतो. तो सिनेमा मी समोरून पाहेल हाय. मोठ्या जावेच्या मागं दार हाय, पण त्या दारात कोणी उभं नाही. ते दार रिकामं हाय. मनकर्णाले बी ते रिकामंच दिसलं, अन् त्याच्याकडं पाहता पाहता तिले तथंच आठवलं का असल्या दारात कोण उभं राहते. माणूस मी उभा केला. रिकामं दार मले पाहवत नाही बापा.